मोटारीवरची धूळ

नागपुराहून वर्ध्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर केळझर हें गांव लागतें. गांवालगतच्या टेकडीवर सिद्धिविनायकाचें देऊळ असून विदर्भांतील अष्टविनायकांत त्याची गणना होते. लाक्षागृहांतून निसटल्यावर पांडव ज्या एकचक्रा नगरींत राहिले ती हीच, आणि भीमानें बकासुर मारला तो याच परिसरांत, अशी तिकडे परंपरेनें चालत आलेली समजूत आहे. चतुर्थीला नागपूर, वर्धा या शहरांतून कित्येक कुटुंबें आपापल्या मोटारींतून येथें दर्शनास येतात. दर्शन आटोपून मंडळी घरीं परततात तेव्हां मोटारीच्या अंगावर रस्त्याची करडी धूळ, टपावर झाडांच्या मोहोराचा पिवळसर चुरा, आणि मोटार नवी असेल तर दर्शनी भागावर हळदकुंकवाचे ठिपके, असें मिश्र लेपन झालेलें असतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरांतील कोणी तरी कोरडें फडकें घेतो, चार हात फिरवितो आणि मोटार पुन्हां चकाकूं लागते. सर्वांना समाधान वाटतें. परंतु वर्षसहा महिन्यांनीं तीच मोटार भर उन्हांत उभी असतां बारकाईनें पाहिलें, तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेघा दिसतात. मालक धुळीला दोष देतो. वस्तुतः धूळ जोंपर्यंत स्वस्थ पडून असते तोंपर्यंत ती रंगाचें फारसें कांहीं बिघडवीत नाहीं. ती रंगावर घासली गेली म्हणजे मात्र तिच्यांतील प्रत्येक कठीण कण कानशीचें काम करतो. मोटार स्वच्छ ठेवण्याच्या विद्येंतील अर्धेंअधिक ज्ञान या एका गोष्टींत सांठविलेलें आहे.

ओरखडा उठतो म्हणजे नेमकें काय होतें, हें कळण्यासाठीं रंगाची रचना पाहिली पाहिजे. आजच्या बहुतेक मोटारींच्या पत्र्यावर प्रथम विजेच्या साहाय्यानें चढविलेला गंजप्रतिबंधक लेप असतो. त्यावर पृष्ठभाग सारखा करणारें अस्तर, त्यावर खरा रंग, आणि सर्वांत वर बिनरंगी, पारदर्शक रोगणाचा थर असतो. हे चारहि थर मिळून साधारणपणें १०० ते १५० मायक्रॉन जाडी भरते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. त्यांपैकीं वरच्या पारदर्शक थराच्या वांट्यास सुमारें ४० ते ५० मायक्रॉन येतात. माणसाच्या डोक्याचा केंस सामान्यतः याहून जाड असतो. मोटारीची सगळी चकाकी या केंसाहून पातळ पापुद्र्यावर अवलंबून असते, आणि तो एकदां झिजला कीं आपोआप भरून येत नाहीं.

पूर्वीं अशी रचना नव्हती. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं मोटारींना घोडागाड्यांप्रमाणेंच तेलाचें रोगण हातानें देत, आणि एकेक थर वाळण्यास इतका वेळ लागे कीं मोटार पुरी होण्यास आठवडेच्या आठवडे जात. अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनीनें १९२३ च्या सुमारास ‘ड्यूको’ नांवाचें लवकर वाळणारें रोगण बाजारांत आणलें, आणि ती अडचण दूर झाली. त्या काळच्या व त्यानंतरच्या पुष्कळ वर्षांच्या मोटारींना पॉलिश करतांना फडक्यावर रंग उतरत असे. तो पाहून मालकाला समजे कीं आपण रंग झिजवीत आहोंत. १९८० नंतर पारदर्शक थराचा सर्वत्र प्रसार झाला, आणि ही सूचना मिळेनाशी झाली. झीज आजहि होते. पण जें झिजतें तेंच बिनरंगी असल्यामुळें फडकें स्वच्छ दिसतें आणि पुसणाऱ्याची खात्री होते कीं आपल्या हातून कांहींच बिघडलें नाहीं.

आतां धुळीचा विचार. केळझरच्या आसमंतांतील शेतजमीन मुख्यतः कापसाची काळी जमीन आहे. फार प्राचीन काळीं दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचा जो काळा पाषाण झाला, त्याच्या झिजेंतून ही माती बनली. तिच्यांतील चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनहूनहि लहान व अतिशय मऊ असतात. नुसती अशी माती मोटारीवर बसली तर मोटार फार मळकट दिसते, पण ओरखडे काढण्याची त्या मातीची शक्ति थोडी. खरा धोका रस्त्याच्या धुळींत असतो. रस्त्यावरची गिट्टी त्याच काळ्या पाषाणाची असते आणि चाकांखालीं भरडून तिची पूड होते. बांधकामाची रेती मालमोटारींतून सांडत जाते, आणि तिच्यांत गारगोटीचे कण असतात.

फ्रीड्रिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं खनिजांच्या कठीणपणाच्या एक ते दहा अशा पायऱ्या लावून दिल्या. पहिल्या पायरीवर शंखजिरें आणि दहाव्या पायरीवर हिरा. या मापानें माणसाचें नख अडीचाच्या आसपास येतें, साधी कांच साडेपांचाच्या आसपास, काळ्या पाषाणांतील मुख्य खनिजें पांच ते साडेसहाच्या दरम्यान, आणि गारगोटी सातव्या पायरीवर. अर्थात् गारगोटीचा कण जेथें कांचेवर रेघ ओढूं शकतो, तेथें रोगणाचा पाड तो काय? पुष्कळ लोक मऊ फडकें शोधण्यांत बराच पैसा खर्च करतात. फडकें मऊ असावेंच. परंतु फडकें व रंग यांच्या मध्यें सांपडलेला कण मऊ नसतो, आणि त्याला दाब देणारा हात मालकाचाच असतो.

या रेघा गोल कां दिसतात, हाहि एक मौजेचा प्रश्न आहे. फडकें गोल फिरविल्यामुळें त्या गोल उठतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक रेघा सर्व दिशांना पसरलेल्या असतात. त्यांपैकीं ज्या प्रकाशाच्या दिशेला आडव्या पडतात तेवढ्याच चमकतात, आणि त्या सर्व मिळून प्रतिबिंबाभोंवतीं वर्तुळें असल्याचा भास होतो. वापरून जुनें झालेलें स्टीलचें ताट दिव्याखालीं धरून हळूहळू हलविलें म्हणजे याची खूण पटते. ताट कसेंहि फिरविलें तरी वर्तुळें दिव्याच्या प्रतिबिंबाला सोडीत नाहींत. काळ्या किंवा गडद निळ्या मोटारीवर हा दोष लवकर नजरेंत भरतो. पांढऱ्या मोटारीवर तो तितकाच असला तरी लपून राहतो.

धुळीच्या जोडीला येतात ते परागकण. युरोप, अमेरिका या खंडांत आणि हिमालयाच्या चिडाच्या वनांतहि वसंत ऋतूंत वाऱ्याबरोबर इतका पराग उडतो कीं उभ्या मोटारीवर पिवळी पूड पसरल्यासारखी दिसते. विदर्भांत तशी वनें नाहींत. येथील पळस, कडुनिंब, कापूस यांचे पराग मुख्यतः पांखरें, मधमाश्या व इतर कीटक वाहून नेतात. ते चिकट असतात आणि वाऱ्यावर फारसे दूर जात नाहींत. वाऱ्यावर उडतो तो विशेषेंकरून गवतांचा आणि गाजरगवताचा पराग. मात्र झाडाखालीं उभ्या केलेल्या मोटारीची गोष्ट निराळी. चैत्र-वैशाखांत निंबाचा फुलोरा तिच्यावर झडतो. आंब्याला मोहोर असतांना त्यावरील तुडतुडे जो गोड चिकटा गाळतात त्याचे थेंब टपावर पडतात, आणि त्या थेंबांवर धूळ व पराग दोन्ही पक्कीं चिकटून बसतात.

महाराष्ट्रांतील मोटारींवर परागाचा सर्वांत मोठा हल्ला मात्र वाऱ्याकडून होत नाहीं. तो माणसाच्या हातून, दसऱ्याच्या दिवशीं, झेंडूच्या हारांच्या रूपानें होतो. झेंडूचा पराग सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला तर त्याच्या अंगावर सर्वत्र काटे दिसतात. परागाचें कवच मोठें चिवट असतें. तें साध्या आम्लांना दाद देत नाहीं, आणि त्यामुळेंच लक्षावधि वर्षांपूर्वींचे पराग दगडांत अद्याप ओळखूं येतात. तरी गारगोटीच्या तुलनेनें पराग मऊच. त्याचा उपद्रव दुसऱ्या प्रकारचा आहे. तो चिकटून बसतो व रेतीचे कण धरून ठेवतो; शिवाय दंवानें किंवा पावसाच्या शिंतोड्यानें भिजला म्हणजे त्यांतील द्रव्यें बाहेर पडतात आणि उन्हांत वाळून पिवळट डाग राहतात. म्हणून दसऱ्याचा हार रात्रभर बॉनेटवर कुजूं देऊं नये. गंधाक्षता व कुंकू यांनाहि हाच न्याय. तांदळाचे दाणे पुसून न टाकतां अलगद उचलावे, आणि स्वस्तिक रंगावर न काढतां कांचेच्या एका कोपऱ्यांत काढलें तरी पूजेंत कांहीं न्यून येत नाहीं.

धुलाईचा पहिला नियम असा कीं धुळीनें भरलेल्या मोटारीला कोरडें फडकें लावूं नये. पाणी व वेळ हातीं नसेल तर धूळ तशीच राहूं द्यावी. दोन दिवस मळकट मोटार फिरवावी लागली तर तींत कमीपणा कसला? मात्र समोरची व मागची कांच यांना हा नियम लागू नाहीं, कारण त्यांतून रस्ता दिसावयाचा असतो. त्या रोज पुसाव्या, परंतु त्याहि आधीं पाणी ओतून. कोरड्या कांचेवर वायपर चालविणें म्हणजे गारगोटीच्या कणांनीं कांच घासणें होय.

दुसरा नियम सावलीचा. वर्ध्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि उन्हांतल्या पत्र्याला हात लाववत नाहीं. अशा पत्र्यावर पाणी टाकलें कीं क्षणांत वाळतें, आणि त्यांतील क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपानें मागें राहतात. काळ्या पाषाणाच्या मुलखांतील विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. घरांतील हंड्याच्या बुडाशीं जो पांढरा थर सांचतो तोच हा. यासाठीं मोटार सकाळीं सावलींत, पत्रा थंड असतांना धुवावी.

तिसरा नियम क्रमाचा. प्रथम टपापासून खालीं नुसतें पाणी सोडावें आणि पांच मिनिटें थांबावें. चिकणमातीला फुगण्यास व परागाला सुटण्यास तेवढा अवधि लागतो. नंतर पुन्हां पाणी सोडावें. या दोन पाण्यांत जेवढी रेती वाहून जाईल तेवढे ओरखडे वांचले असें समजावें. मग दोन बादल्या घ्याव्या. एकींत मोटारीसाठीं मिळणाऱ्या सौम्य साबणाचें पाणी, दुसरींत साधें पाणी. कपडे धुण्याची पूड घेऊं नये. तिच्यांत सोड्यासारखे क्षार असतात, ते मेणाचा थर काढून टाकतात, आणि न विरघळलेले दाणे आणखी घासले जातात ते निराळेच. मऊ, लांब तंतूंचा हातमोजा साबणाच्या पाण्यांत भिजवून टपावर सरळ रेषेंत, केवळ त्याच्या स्वतःच्या वजनानें फिरवावा. एक भाग झाला कीं तो साध्या पाण्याच्या बादलींत खळबळून रेती खालीं बसूं द्यावी, आणि नंतरच पुन्हां साबणाच्या पाण्यांत बुडवावा. एकच बादली वापरली तर टपावरची रेती त्याच पाण्यांतून दारांवर परत जाते. वरून खालीं येत जावें. चाकें आणि चिखलाचा खालचा भाग यांसाठीं बादली व फडकें अगदीं वेगळें ठेवावें. जमिनीवर पडलेलें फडकें झटकून पुन्हां रंगाला लावूं नये.

शेवटीं स्वच्छ पाणी सोडून मोटार लगेच टिपून घ्यावी. येथें बारीक कृत्रिम तंतूंच्या रुमालाचा फार उपयोग होतो. इतके सूक्ष्म तंतु काढण्याची कला १९७० च्या सुमारास जपानांत तोरे कंपनीच्या मियोशी ओकामोतो या संशोधकानें साध्य केली. तंतूंच्या मधल्या फटींत पाणी ओढलें जातें आणि चुकून राहिलेला कण पृष्ठभागावरून उचलला जातो. रुमाल पत्र्यावर पसरावा, वरून हलकें थोपटावा आणि उचलावा, ओढूं नये.

यावर कोणी म्हणेल कीं उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याची पंचाईत असतां मोटारीला एवढें पाणी कोठून आणावयाचें? ही शंका अगदीं रास्त आहे, आणि तिचें उत्तर देतां येतें. नळीचें तोंड मोकळें सोडून मिनिटाला १० लिटर पाणी गेलें, तर पाव तासांत १५० लिटर वाहून जातें. यांतील बराचसा भाग मोटारीला न लागतां जमिनींतच मुरतो. तेंच काम ४० लिटरांत होतें. कापसावर औषध मारण्यासाठीं शेतकरी पाठीवर जो फवारणीचा पंप घेतात, तसा एक नवा पंप मोटारीसाठीं राखून ठेवावा. त्याच्या एका भरण्यांत, म्हणजे सुमारें १६ लिटर पाण्यांत, आधींची व नंतरची दोन्ही फवारणी उरकते. उरलें पाणी दोन बादल्यांत अर्धें अर्धें. मात्र ज्या पंपांत एकदां विषारी औषध भरलें तो या कामीं कधींहि घेऊं नये.

याहून पाणी कमी असेल तर बाजारांत अशीं द्रावणें मिळतात कीं तीं पाण्यांत थोडीं मिसळून वापरल्यावर मोटार खळबळून धुवावी लागत नाहीं. त्यांतील द्रव्यें कणांभोंवतीं निसरडें आवरण करतात आणि कण रंगावर न घासतां रुमालांत शिरतो. त्यासाठीं एक बादली आणि सात-आठ स्वच्छ रुमाल पुरतात. प्रत्येक रुमालाची घडी घालून, एक बाजू मळली कीं दुसरी घ्यावी, आणि मळलेली बाजू पुन्हां बादलींत बुडवूं नये. हा प्रकार साध्या धुळीला ठीक. चिखल वाळून घट्ट बसला असेल तर पाण्यावांचून गत्यंतर नाहीं.

मोटार झांकून ठेवण्यासंबंधींहि एक गैरसमज आहे. स्वच्छ मोटारीवर घातलेलें आच्छादन धूळ अडवितें हें खरें. पण धुळीच्या मोटारीवर तें घातलें आणि वाऱ्यानें रात्रभर हललें, तर तेंच एक मोठें कोरडें फडकें होतें. धूळ झाडण्याच्या लांब झुबक्याच्या कुंच्यालाहि असेंच तारतम्य लागतें. घरांतल्या घरांत उभ्या मोटारीवर बसलेल्या हलक्या धुळीला तो एखादे वेळीं चालेल. रस्त्यावरून आलेल्या मोटारीला चालणार नाहीं.

एवढी काळजी घेऊनहि रेघा उठल्याच तर पॉलिशानें त्या नाहींशा करतां येतात, पण कशा? आजूबाजूचा पारदर्शक थर रेघेच्या तळापर्यंत घासून काढून. चाळीस मायक्रॉनांच्या भांडवलांतून प्रत्येक वेळीं कांहीं मायक्रॉन खर्च पडतात, आणि भांडवल संपल्यावर नवा रंग देण्यावांचून उपाय उरत नाहीं. त्यापेक्षां वर्षांतून दोन-तीन वेळां मेणाचा पातळ हात देणें स्वस्त पडतें. ब्राझिलांतील कार्नाउबा नांवाच्या ताडाच्या पानांवरून निघणारें मेण यासाठीं प्रसिद्ध आहे. मेणानें रंग अभेद्य होत नाहीं. परंतु त्यावर धूळ व चिकटा सैल बसतात आणि पाण्याबरोबर सहज निघून जातात.

अखेर एक गोष्ट घरच्या कारभाऱ्यांनीं लक्षांत घ्यावी. शहरांतील पुष्कळ घरीं मोटार पुसण्यासाठीं सकाळीं माणूस येतो. त्याला तशाच दहापांच मोटारी पुसावयाच्या असतात, हातीं एक बादली व एक फडकें असतें, आणि मोटार रोज चकाकली नाहीं तर बोलणी खावीं लागतात ती त्यालाच. पहिल्या मोटारीची रेती शेवटच्या मोटारीपर्यंत पोंचते यांत त्याचा अपराध नाहीं. त्याच्याकडून मागणीच तशी केली जाते. त्याला तेंच वेतन देऊन सांगावें कीं रोज फक्त कांचा पुसाव्या, आणि आठवड्यांतून एकदां दोन बादल्या व स्वच्छ रुमाल घेऊन सावकाश धुलाई करावी. त्याचे श्रम वांचतील, पाणी वांचेल आणि रंगहि टिकेल. केळझरहून परतलेली मोटार मग रविवारपर्यंत धुळीची राहिली तरी चिंता नाहीं. ती धूळ पाण्यानेंच उतरूं द्यावी.